व्हॉट्सॲप स्टेटस : रोज वापरणारीचा सविस्तर रिव्ह्यू

कालच शाळेत आमच्या एका मॅडमनी विचारलं, तुम्ही फेसबुकला काही टाकत नाहीत, इन्स्टाला तर अकाउंटच नाही, मग रोजचं सगळं स्टेटसलाच का टाकता हो? मधल्या सुट्टीत काय सांगणार, खिचडी वाटायची होती, म्हणून आता रात्री निवांत बसून लिहायलेय. लोक मिक्सरचा रिव्ह्यू लिहितात, गाडीचा लिहितात, तर जी गोष्ट मी २०१७ पासून जवळपास रोज वापरते तिचा का नाही लिहायचा.

आधी माझं थोडं सांगते म्हणजे मी कुठून बोलायलेय ते कळेल. लातूरला राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, माहेर किल्लारीच्या बाजूचं. माय गावाकडंच असते, लहान भाऊ पुण्यात वाघोलीला, मावशी उमरग्याला, नणंद नांदेडला, आणि अशी वाटावाटी झालेली घरं आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत, शिकायला न् कामाला पोरं पुण्यालाच जातात. तर प्रश्न हा असतो की एवढ्या लोकांची खबरबात ठेवायची कशी. रोज फोन करणं होत नाही. आणि फोन केला तरी "काय चाललंय", "काही नाही, तुझं काय", "काही नाही" असं म्हणून ठेवून देतो आपण, खरं का खोटं?

स्टेटस आलं फेब्रुवारी २०१७ मध्ये. त्याच्या आधी स्टेटस म्हणजे नावाखाली एक ओळ असायची, "बिझी आहे" नाहीतर "आई जगदंबे", ती काढून फोटो-व्हिडिओवालं आणलं तर लोकांनी इतकी ओरड केली की महिन्याभरात ती ओळ परत आणावी लागली. फोटो, व्हिडिओ, नुसता मजकूर, आता तर आवाजसुद्धा, काहीही टाका, २४ तासांनी आपोआप जातं. व्हिडिओ आधी ३० सेकंदांचा होता, लॉकडाऊन लागला तेव्हा मार्च २०२० ला इंटरनेटवर ताण येऊ नये म्हणून भारतात १५ सेकंदांवर आणला होता, ते आठवत असेल, सगळ्यांच्या आरत्या अर्ध्यातच तुटायच्या. २०२४ ला एक मिनिट केलं. एवढी माहिती बस झाली, बाकी वापरताना कळतंच.

मला यातली सगळ्यात पटलेली गोष्ट सांगते. तुमचं स्टेटस त्यालाच दिसतं ज्याचा नंबर तुमच्याकडं सेव्ह आहे आणि तुमचा नंबर त्याच्याकडं सेव्ह आहे. दोन्हीकडून. म्हणजे लग्नाच्या पत्रिका वाटायला बसल्यावर जी यादी होईल ना, साधारण तीच माणसं. तिथं कोणी अनोळखी येऊन कमेंट टाकत नाही, किती लाईक आले ते दुसऱ्याला दिसत नाही, उत्तर दिलं तर ते फक्त तुम्हालाच येतं. मी फेसबुक तीन वर्षं वापरलं, तिथं मला काही लिहायचं म्हटलं की अंग चोरल्यासारखं व्हायचं, कोण बघेल, काय म्हणेल. स्टेटसला मी आजची चुलीवरची भाकरी जळली तर तीसुद्धा टाकते.

आणि खाली ते डोळ्याचं चिन्ह असतं, त्यावर बोट ठेवलं की कोणी कधी बघितलं त्याची यादी येते, वेळेसकट. ही यादी म्हणजे माझ्यासाठी निम्मं स्टेटस आहे. माय पहाटे पाचला उठते, सडा टाकून झाला की चहा ठेवते आणि चहा उकळेपर्यंत फोन बघते, तर माझ्या यादीत तिचं नाव पाच वाजून वीस मिनिटं, पाच पंचवीस असं लागलेलं असतं. ती टाइप करत नाही. वाचते, पण एकेक अक्षर जोडून. तरी मला सकाळी शाळेत निघायच्या आधी कळतं की माय उठली, चहा झाला, तब्येत बरी आहे. दुपारी मग फोन येतो तेव्हा ती थेट मुद्द्यावर येते, "ते वांगे कुठून आणलीस गं, किडके दिसायलेत, गंजगोलाईच्या बाजारातून आणत जा, गल्लीतल्या गाड्यावरून नको." बोलायला विषय मिळतो हो. काय चाललंय, काही नाही, हे बंद झालंय आमच्याकडं.

एक मात्र, ज्यांनी ते निळ्या टिकचं सेटिंग बंद ठेवलंय त्यांना ही यादी दिसत नाही आणि त्यांचं नावही दुसऱ्याच्या यादीत येत नाही. आमच्या भावानं ऑफिसच्या लोकांमुळं बंद ठेवलं होतं. मी त्याला सांगितलं, अरे मायला तू बघितलेलं कळत नाही, तिला वाटतं तू बघतच नाहीस. त्याच दिवशी चालू केलं त्यानं.

आता येळवशीचं सांगते, कारण स्टेटस काय कामाचं हे मला खरं तिथं कळलं. बाहेरच्यांना माहीत नसेल, मार्गशीर्षाची अमावस्या म्हणजे वेळ अमावस्या, आम्ही येळवस म्हणतो, लातूर-धाराशिवकडं हा दिवाळीएवढा सण आहे, त्या दिवशी लातूर शहर अक्षरशः रिकामं होतं, सगळे रानात. कडब्याची कोप म्हणजे खोपी करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, आंबील, ज्वारी-बाजरीचे उंडे, खीर, आणि भज्जी. ही भज्जी म्हणजे भजी नव्हे. हरभऱ्याचे सोलाणे, तुरीचे दाणे, वाल, पावटा, मेथी, रानात जे हिरवं असेल ते सगळं चिंचेच्या पाण्यात डाळीचं पीठ लावून शिजवायचं, हाटून हाटून, आदल्या रात्री बायका झोपतच नाहीत.

दोन वर्षांमागं भावाला सुट्टी मिळाली नाही. रिलीज का काय म्हणतात ते होतं त्याच्या कंपनीत. माय त्या दिवशी सकाळपासून गप्प होती, टोपलं डोक्यावर घेऊन बांधानं चालली होती आणि मी मागून व्हिडिओ काढत होते, तेव्हापासून मी टाकत गेले. कोप. पांडव. मडक्यावर बांधलेलं पांढरं फडकं. आंबिलीत लसूण-जिऱ्याचं वाटण पडताना. चुलता "ओलगे ओलगे सालम पलगे" म्हणत पिकात आंबील शिंपडत चाललेला, त्याच्या मागं लेकरं पळायलेली, एकाच्या पायातली चप्पल चिखलात राहिली ती. एकोणीस स्टेटस झाले. भाऊ ऑफिसात होता, एकाही फोटोला त्यानं बदाम-बिदाम काही टाकला नाही, पण मी यादी बघत होते, प्रत्येकाला त्याचं नाव, टाकल्यापासून एक-दोन मिनिटांत. सगळ्यात शेवटी संध्याकाळी कडब्याचा हेंडगा, म्हणजे मशालच, पेटवून रानातून फिरवला त्याचा व्हिडिओ टाकला, तेव्हा त्याचा एकच मेसेज आला, "आक्का भज्जी डब्यात भरून फ्रीजरला ठेव, शनिवारी येतो." मायला वाचून दाखवला तर ती लगेच उठून डबा शोधायला लागली.

आता हेच फोन करून सांगता आलं असतं का? नाही. फोनवर मी त्याला "तू नाहीस तर करमत नाही" म्हणाले असते आणि तो बिचारा तिकडं आणखी कष्टी झाला असता.

हे झालं रोजचं. दुसरं मी काय टाकते तर इंटरनेटवर काही चांगलं सापडलं की ते. शाळेत शिकवते त्यामुळं मला शोधायची सवय आहे आणि सापडलेलं एकटीनं ठेवून घेणं मला जमत नाही. ते रेडिओ गार्डन बघितलंय का तुम्ही? २०१६ पासून आहे, नेदरलँड्समधल्या लोकांनी केलंय, पृथ्वीचा गोळा बोटानं फिरवायचा, हिरव्या ठिपक्यावर थांबलं की तिथला रेडिओ लागतो, त्या क्षणी तिथं जे चाललंय ते. मी एकदा रात्री आइसलँडला थांबले, कोणीतरी बाई बातम्या सांगत होती, एक अक्षर कळलं नाही तरी दहा मिनिटं ऐकलं. नासाची एक साइट आहे, १६ जून १९९५ पासून रोज एक आकाशाचा फोटो टाकतात, खाली खगोलशास्त्रज्ञानं चार ओळीत समजावून सांगितलेलं असतं, इतक्या वर्षांचे सगळे फोटो तारखेनुसार ठेवलेत, म्हणून मी ज्याचा वाढदिवस असेल त्याच्या जन्मतारखेचा फोटो काढून त्याला टाकते, केकच्या फोटोपेक्षा लोकांना ते जास्त आवडतं. अर्थात १९९५ नंतर जन्मलेल्यांनाच, आम्ही राहिलो.

पण सगळ्यात भारी सापडलं ते येळवशीच्याच निमित्तानं. त्या एकोणीस स्टेटसनंतर मी सहज शोधत होते तर कलबुर्गी-बिदरकडच्या बायकांचे व्हिडिओ लागले, त्याच अमावस्येला, रानात, घोळका करून बसलेल्या, आणि ताटात काय, तर भज्जी! आंबीलसुद्धा. त्यांच्याकडं एळ्ळ अमावास्ये म्हणतात. मी ते स्टेटसला टाकलं की बघा, हद्द ओलांडली तरी ताट तेच आहे. अर्ध्या तासात बिदरकडचं भालकी माहेर असलेल्या एका मॅडमचा आवाजातला मेसेज आला, कन्नडमध्ये एळ्ळु म्हणजे तीळ, तुमच्या "ओलगे"सारखीच आरोळी आमच्याकडं पण देतात, आणि मग त्यांनी ती कन्नडमध्ये म्हणून दाखवली. मायला ऐकवलं तर ती म्हणाली, "आपल्या उदगीरच्या पलीकडचीच की माणसं ती, निजामाच्या वक्ताला सगळं एकच होतं." बरोबरच आहे तिचं, १९५६ ला बिदर म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेला नि आपण इकडं आलो, तोवर मराठवाडा न् बिदर हैदराबाद राज्यातच होते. माझ्या पुस्तकातला इतिहास तिनं एका वाक्यात सांगितला.

मात्र याच सापडलेल्या गोष्टी टाकण्यात मी एकदा फार मोठी चूक केलेली आहे आणि ती सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू खरा होणार नाही.

आमच्या गावाखालून तेरणा जाते, वर माकणीचं धरण आहे. काही वर्षांपूर्वी सप्टेंबरात चार दिवस पाऊस धरला होता. रात्री साडेनऊला एका ग्रुपवर व्हिडिओ आला, धरणाचे दरवाजे उघडलेत, पाणी नुसतं फेसाळत पडतंय, खाली लिहिलेलं की माकणी, नदीकाठच्यांनी सावध राहावं. त्यावर ते दोन बाण होते, खूप वेळा फॉरवर्ड केलेलं असलं की येतात ते. मी बघितले आणि तरी टाकला. गावाकडच्यांना लवकर कळावं म्हणून. चुलत्यानं दहाला बघितला. काठावर त्यांची साडेसात एचपीची पाण्याची मोटर होती. ते, त्यांचा मुलगा आणि शेजारचा एक जण बॅटऱ्या घेऊन पावसात नदीला गेले, पाइप सोडला, दोर लावून मोटर वर ओढली, ओढताना चुलत्याचा पाय घसरला आणि खांदा दगडावर आपटला. तीन आठवडे हात वर होत नव्हता त्यांचा. सकाळी बघतात तर तेरणेला वीतभरसुद्धा पाणी वाढलेलं नाही. तो व्हिडिओ कुठल्यातरी दुसऱ्याच धरणाचा होता, जुना.

मी गावाला गेले भेटायला. ते चिडले नाहीत. खाटेवर बसून चहा पिता पिता एवढंच म्हणाले, "बाई, तू मास्तरीण हाईस म्हणून मला खरं वाटलं."

तेव्हापासून मी दुसऱ्याकडून आलेलं काही असेल तर आधी फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघते, पहिल्यांदा कधी आला होता ते बरेचदा कळतं. व्हिडिओ असेल तर त्यातली एक चौकट थांबवून तिचा स्क्रीनशॉट घेऊन तसंच करते. आणि आपल्या भागातलं असेल तर तिथल्या माणसाला सरळ फोन लावते, माकणीचं असेल तर माकणीला. टाकताना कुठून घेतलं आणि कधीचं आहे ते लिहिते. याच्या उलटही होतं बरं, खोटं वाटणारं खरं निघतं. जून २०२० ला लोणारचं सरोवर गुलाबी झालेलं सगळ्यांनी टाकलं होतं, मला वाटलं फिल्टर मारलाय. पण खरंच झालं होतं, पाणी कमी होऊन खारटपणा वाढला की मीठ आवडणारे सूक्ष्मजीव वाढतात, त्यांचा रंग तो, पुण्याच्या आघारकर संस्थेनं पाणी तपासून सांगितलं. ते मी चार दिवस उशिरा टाकलं, पण कारणासकट टाकलं.

सेटिंगबद्दल बायकांना मुद्दाम सांगते. प्रायव्हसीत जाऊन तीन पर्याय दिसतात, सगळे कॉन्टॅक्ट, काही जण सोडून, आणि फक्त निवडलेले. माझ्याकडं गॅसवाल्यापासून पालकांपर्यंत चारशेच्या वर नंबर आहेत, ते सगळे माझं स्वयंपाकघर बघतील असं मला नको होतं, म्हणून मी एक दिवस बसून निवडलेल्यांची यादी केली, एकसष्ट माणसं निघाली. ही यादी करताना जे वाटतं ना ते करूनच बघा, कोणाला ठेवायचं हे ठरवताना कित्येक जणांशी आपण वर्षभर बोललेलो नाही हे ध्यानात येतं. एक लक्षात ठेवा, सेटिंग बदललं तरी आधी टाकलेल्या स्टेटसला ते लागू होत नाही, पुढच्यापासून होतं. वर्गातल्या लेकरांचे चेहरे मी टाकत नाही, त्यांच्या हातचं चित्र टाकते, चिखलाचे बैल टाकते. आणि गावाला गेलो, घराला कुलूप आहे, हे परत आल्यावर टाकावं.

कमी काय आहे तेही सांगते. फोटो पाठवताना दाबून छोटा होतो, एचडीचा पर्याय निवडला तरी मूळ फोटोची सर येत नाही, त्यामुळं कोणाचं स्टेटस मागवून घेऊन त्याची फ्रेम करायला जाऊ नका, मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा. स्टेटस दिसतात त्या अपडेट्सच्या पानावर जाहिराती आणायचं कंपनीनं २०२५ ला जाहीर केलं, घरच्यांच्या फोटोंच्या मधे दुकानाची पाटी मला काही आवडणार नाही. चॅनेल पण त्याच पानावर आणून बसवलेत, माय चुकून कुठल्याही चॅनेलवर जाते आणि मग मला विचारते ही कोण बाई आहे आपल्या नात्यातली.

पण सगळ्यात मोठी गोष्ट ती २४ तासांची. सापडलेल्या लिंकसाठी मला ते सोयीचं नाही, चार दिवसांनी कोणीतरी विचारतंच, ते रेडिओचं काय होतं हो मॅडम? म्हणून लिंका मी स्वतःलाच मेसेज करून ठेवते, आता तशी सोय आहे, स्वतःच्याच नंबरवर पाठवता येतं. आणि रोजच्या फोटोंचं म्हणाल तर स्टेटसला टाकला म्हणजे फोटो जपला असं समजू नका, ही विनंती आहे माझी.

कारण मला माहीत आहे फोटो नसणं काय असतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. आमचं माळवदाचं घर, दगड-मातीच्या भिंती, वर मातीचा एवढा थर, ते सगळं खाली बसलं. मी पाच वर्षांची होते. आम्ही बाहेर निघालो, आजी निघाली नाही. घरातले फोटो गेले, कपाट गेलं, पेटी गेली. माझा पाच वर्षांच्या आतला एकही फोटो नाही. आजी कशी दिसायची ते मला मायनं सांगितलेल्यावरून माहीत आहे. एप्रिल २०१६ ला लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, तेव्हा मी लेकराला कडेवर घेऊन बघायला गेले होते, पाच-सात फोटो काढले होते. पुढं तो फोन बिघडला, एका दुकानात दुरुस्तीला दिला, त्यांनी न विचारता सगळं पुसून दिला. आता लेक विचारतो मी होतो का तिथं, तर दाखवायला काही नाही. म्हणून आता महिन्याच्या शेवटी त्या महिन्यातले चांगले दहा फोटो स्टुडिओतून धुऊन आणते आणि अल्बमला लावते, मागं तारीख आणि गाव लिहून. आमच्याकडं अजून फोटो धुणंच म्हणतात.

आमच्या घरच्यांचा १९९३ आधीचा एकच फोटो आहे, मायच्या लग्नानंतर उमरग्याच्या स्टुडिओत काढलेला, मागं पडद्यावर महाल रंगवलाय, माय खुर्चीवर आणि आबा शेजारी उभे. मावशीनं एक प्रत मागून घेतली होती, तिच्याकडं होती म्हणून वाचली. गेल्या रविवारी मी गावाला गेले होते तर मायनं तो भिंतीवरचा फोटो आपल्या फोननं स्वतः काढला, वाकडा आला, काचेत ट्यूबलाइट दिसायलीय, आणि मला विचारून विचारून स्टेटसला टाकला. तिचं पहिलं स्टेटस. मी म्हटलं नीट काढून देऊ का परत, तर नको म्हणाली. रात्री जेवणं झाल्यावर फोन माझ्याकडं दिला, "कोन कोन बघितलं ते वाच की गं." डोळ्यावर बोट ठेवलं, बावीस नावं होती. मी वरून वाचत गेले, भाऊ, वहिनी, चुलता, नांदेडच्या ताई, शेजारची, ती प्रत्येक नावाला "हं" म्हणत होती, आणि उमरग्याच्या मावशीचं नाव आलं तसं तिनं मला थांबवलं, म्हणाली, कधी बघितलं तिनं, वेळ काय लिहिलीय ती सांग.